दोन गल्ल्यांपलीकडचा युरोप

अण्णा निट्टूरकर गेल्यावर इथल्या एका स्थानिक बातमीपत्रात त्यांच्यावर चार ओळी आल्या. भारतात जन्म, ब्रिस्टलच्या विमान कारखान्यात नोकरी, पुढे बरीच वर्षं कौन्सिलर, आणि युरोपच्या एकीचे कट्टर समर्थक. माझं काम ऑडिटचं, त्यामुळे छापलेलं आधी तपासायची सवय आहे. चूक एकही नव्हती. पण पहिल्या ओळीतला माणूस शेवटच्या ओळीपर्यंत कसा पोचला, ते त्यात कुठेच नव्हतं. ते मला थोडंफार माहीत आहे. तेवढंच लिहिते.

पुण्याहून आल्यावर काही वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढून आम्ही या गल्लीत घर घेतलं, तेव्हाची गोष्ट. शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. उघडलं तर दारात कुणीच नाही. पायऱ्या उतरून खाली, फाटकाजवळ, टोपी हातात घेतलेले एक बुटके, सावळे, साठी उलटलेले गृहस्थ उभे होते. त्यांच्या मागे फुटपाथवर लाल चेहऱ्याचा एक उंच इंग्रज, काखेत पत्रकांचा गठ्ठा.

"तोरण बघून विचारूलोय," गृहस्थ म्हणाले. "मराठी काय?"

दार वाजवून मागे सरकायचं, ही अण्णांची रीत होती. बेल ते कधी दाबत नसत. म्हणायचे, "बेल म्हणजे हुकूम. बोटाने वाजवावं, आणि खाली येऊन उभं राहावं. उंबरा त्यांचा आहे. माणूस वरून बोलला की खरं बोलतो." प्रचाराला नव्याने आलेली तरुण मुलं दाराला नाक लावून उभी राहायची, त्यांना ते कोट धरून मागे ओढायचे.

त्या दिवशी मी त्यांना सांगितलं की आम्ही व्हिसावर आहोत, आम्हाला कुठलं आलंय मत.

"आहे की! कॉमनवेल्थची आहेस तू, भारतातल्यांना इथं मत असतंय. रजिस्टरमध्ये नाव घाल." मग मागे वळून, इंग्रजीत, "रे, फॉर्म दे."

मी फॉर्म घेतला, पण भरला नाही. आधी कौन्सिलच्या वेबसाइटवर नियम वाचला. त्यांचं बरोबर होतं. पुढच्या वेळी रस्त्यात भेटले तेव्हा तसं सांगितलं. आपलं बरोबर ठरल्याचं त्यांना काही वाटलं नाही. मी तपासून पाहिलं याचा मात्र फार आनंद झाला. त्या दिवसापासून मी 'ऑडिटर बाई'. माझं खरं नाव त्यांनी परत विचारल्याचं आठवत नाही.

तो उंच इंग्रज म्हणजे रे. अण्णांच्या सगळ्या निवडणुकांचा एजंट. दोघे एकाच कारखान्यात होते, अण्णा तपासणीत, रे फिटर. अण्णांची गल्ली आमचीच. रे दोन गल्ल्या सोडून राहायचा. त्याची बायको लवकर गेली होती. दोघांनी मिळून कौन्सिलकडून भाजीचा एक वाफा भाड्याने घेतला होता, त्यात अण्णांची मेथी आणि रेचा रूबार्ब, लाल देठांची आंबट भाजी, शेजारी शेजारी उगवायचा, आणि कुणाचं तण कुणाच्या हद्दीत शिरलं यावर वर्षभर वाद चालायचा. अण्णांचं दत्तात्रय हे नाव रेला जमलं नाही. तो 'डॅट' म्हणायचा.

अण्णा त्याची ओळख करून द्यायचे, ती अशी: "हा रे. याला युरोप आवडत नाही, पण मी आवडतो."

रे म्हणायचा, "तेही रोज नाही."

अण्णांचं इंग्रजी बेळगावच्या वळणाचं होतं आणि वर ब्रिस्टलचा मुलामा. बसमधून उतरताना इथल्या जुन्या माणसांसारखं 'चीअर्स, ड्राइव्ह' म्हणत, पण त्यातला 'ड' असा काही ठसक्यात यायचा की ड्रायव्हर हसून हात करायचा. मराठी मंडळाच्या गणपतीला ते यायचे, आरतीला मागे उभे राहायचे, आणि प्रसाद हातात पडला की कुणाच्या तरी कचऱ्याच्या डब्याची तक्रार ऐकत कोपऱ्यात बसायचे. बायको, सुमनकाकू, कोल्हापूरच्या. त्यांची जीभ तिखट. "आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी ब्रसेल्सला दाखवतात," असं त्या चारचौघांत म्हणायच्या, आणि अण्णा मान डोलावत खायचे.

एकदा ते युरोपीय संसदेच्या निवडणुकीलाही उभे होते. तिथे पक्षाची यादी असायची आणि वरून खाली जागा मिळायच्या. अण्णांचं नाव यादीत इतकं खाली की निवडून येणं अशक्यच होतं. तरी ते महिनाभर कॉर्नवॉलपर्यंत सगळीकडे बोलत फिरले. गाडी रे चालवायचा. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही तिच्या प्रचारासाठी एवढं पेट्रोल का जाळतोस, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "ट्रेनने पाठवला तर भलत्याच स्टेशनवर उतरून भाषण करेल."

भाषणात अण्णांची एक गोष्ट ठरलेली असायची. विमानाचा पंख इकडे आम्ही करायचो, धड जर्मन लोक करायचे, आणि जुळणी फ्रान्समध्ये. एका नव्या विमानाच्या पहिल्या जुळणीला अण्णा आणि रे दोघांनाही पाठवलं होतं. तीन देशांत, तीन भाषा बोलणाऱ्यांनी पाडलेली भोकं. समोर एक जर्मन फिटर. त्याचे आणि रेचे वडील एकाच युद्धात, समोरासमोरच्या बाजूंनी लढलेले. पंख हळूहळू आत सरकला, भोकावर भोक आलं. "आणि बोल्ट," अण्णा इथे थांबायचे, अंगठा पुढे करायचे, "हाताने आत गेला."

मागच्या रांगेतून रेचा आवाज यायचा. "मी हातोडा मारला होता, डॅट."

"एकदाच!"

"दोनदा."

सभेत हशा पिकायचा. मला सुरुवातीला वाटायचं की हे ठरवून चाललंय. नव्हतं. रेला खरोखरच वाटायचं की हातोड्याचा उल्लेख व्हायला हवा. आणि अण्णांना खरोखरच वाटायचं की एका हातोड्याने काही बिघडत नाही.

मी त्यांना आकडे विचारायची. इतके पैसे जातात, इतके परत येतात, मधले कुठे जातात? मासेमारीचं काय? तिथल्या हिशेबांवर त्यांचेच तपासनीस नाराज असतात त्याचं काय? अण्णा टाळायचे नाहीत. यातलं बरंचसं खरं आहे म्हणायचे, काही मला माहीत नसलेलंही सांगायचे. पण आकड्यांवर त्यांचा युरोप उभा नव्हता, हे मला लवकरच कळलं. तो कशावर उभा होता ते कळलं एका डब्यामुळे.

मी त्यांच्याकडे करंज्या पाठवल्या होत्या. डबा परत आला तो टोमॅटोंनी भरून. नंतर कधी खीर पाठवली, तर पातेल्यात मेथीची जुडी. रिकामं भांडं परत देऊ नये ही रीत आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असते, पण इथे येऊन ती कोण पाळतं? मी म्हटलं, "अण्णा, एवढं कशाला? नुसता डबा दिलात तरी चालेल की."

ते आमच्या स्वयंपाकघरात उभे होते. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "चालत नाही गं." आणि मग सांगितलं.

त्यांचं गाव बेळगावपासून फार लांब नाही. वडील मराठी शाळामास्तर. आई कानडी घरातली. तिचं माहेर ओढा ओलांडून पलीकडच्या गावात, पायी जाण्याच्या अंतरावर. अण्णांच्या लहानपणी घरात दोन्ही भाषा चालत. वडील रागावायचे मराठीत, आई समजूत घालायची कानडीत. वडिलांची शाळाही ओढ्यापलीकडेच, मामाच्या गावात. तिथे दोन्ही भाषांची पोरं एकाच फळ्यासमोर बसायची. मामाची पिठाची गिरणी होती. मास्तर दुपारी जेवायला मामाच्या घरी, आणि संध्याकाळी मामा पीठ पोचवायला बहिणीच्या घरी.

मग राज्यांची फेररचना झाली आणि रेघ नेमकी त्या ओढ्यातून गेली. अलीकडचं गाव आजच्या महाराष्ट्रात, पलीकडचं आजच्या कर्नाटकात. शाळा कानडी झाली. मास्तरांना ती सोडावी लागली. शाळा कानडी व्हावी असा ठराव करणाऱ्या गावच्या पंचांत मामा होता.

"मामा चुकला असं मला अजूनही म्हणता येत नाही," अण्णा म्हणाले. "त्याच्या गावातल्या बायकांना मराठी वाचता येत नव्हतं. आणि बाबा चुकले असंही म्हणवत नाही. चालती शाळा गेली त्यांची."

पण दोघांचं बोलणं थांबलं. मास्तरांनी घरात फर्मान काढलं, या घरात आता मराठीच. आईला मराठी यायचं, पण ते बेतापुरतं, बाजारापुरतं. हळूहळू ती बोलेनाशी झाली. गोठ्यात मात्र बोलायची. म्हैस माहेरून आलेली, तिला कानडीच कळायचं असं निमित्त होतं, म्हणून त्याला मास्तरांची हरकत नव्हती.

"आमच्या आईला," अण्णा म्हणाले, "घरात बोलायला एक म्हैस उरली होती."

पुरुष बोलत नव्हते तरी भांडी बोलत होती. सणाला आई पुरणपोळ्या पाठवायची, डबा घेऊन अण्णा ओढा ओलांडायचे. मामी तोच डबा शेंगाचटणी नाहीतर कडक भाकऱ्या भरून परत द्यायची. हे कित्येक वर्षं चाललं. मग एका बेंदराच्या सणाला मामीकडून भरलेला डबा आला, आणि मास्तरांनी आतलं काढून गुरांना घातलं, डबा स्वतः घासला, पुसला, आणि रिकामा ओढ्यापलीकडे पाठवला. 

"त्यानंतर तिकडून डबा आला नाही. मामा वारला ते आईला दिवसकार्य उलटून गेल्यावर कळलं. रडायची तीही गोठ्यातच."

मग म्हणाले, "लोक म्हणतात मी युरोपवाला. युरोप मी बघितला तो नोकरी लागल्यावर. मला फक्त एवढंच ठाऊक होतं की रेघ पुसता येत नाही. कुणाची तरी ती असतेच, तिच्यासाठी कुणीतरी मार खाल्लेला असतो. पण रेघ पातळ करता येते बघ. इतकी पातळ, की तिच्यावरून डबा जाईल. इकडची ही मंडळी तेच करायला निघाली होती. जगात दुसरं कुणी एवढ्या नेटाने ते करताना मला तरी दिसलं नाही."

 मी आकडे विचारायची आणि ते डबा सांगायचे. त्या दिवसानंतर मी आकडे कमी विचारले.

युरोपात राहायचं की बाहेर पडायचं, या सार्वमताच्या वर्षी अण्णा रोज बाहेर असायचे. पाऊस असो, गुडघा दुखत असो. आमच्या गल्लीत एक इटालियन आजी होत्या, लग्न करून इथे आलेल्या, मुलं-नातवंडं सगळी इथलीच. पासपोर्ट इटलीचाच, म्हणून त्यांना या सार्वमतात मत नव्हतं. मला होतं. अण्णा त्यांच्या दारात गेले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, तुम्ही चुकीच्या दारात आलात. अण्णा म्हणाले, "मत नसलं म्हणून काय झालं, बोलायला येऊ नये काय?" आणि पायरीखाली उभे राहून बराच वेळ बोलले.

रे या वेळी त्यांच्याबरोबर नव्हता. त्याने ते आधीच सरळ सांगितलं होतं, वाफ्यावर, मी मेथी न्यायला गेले होते तेव्हा माझ्यादेखत.

"डॅट, मी बाहेर पडायच्या बाजूने मत टाकणार आहे. तुला दुसऱ्याकडून कळू नये."

अण्णा खुरपं मातीत तसंच धरून राहिले. "का?"

"माझ्या मुलीला या गल्लीत घर परवडत नाही. माझा कारखाना अर्धा झाला. इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारायला आलं नाही. आता विचारतायत, तर मी हो का म्हणू?"

"मी आलो नाही तुझ्या दारात?"

"तू सगळ्यांच्या दारात जातोस. तुझं येणं धरायचं नाही."

अण्णा हसले. मला वाटलं, या दोघांचं असंच आहे, हातोडा एकदा का दोनदा.

निकाल लागला त्या दिवशी दुपारी रे आला. हातात त्याची ती निळ्या काठाची चिनीमातीची डिश, तिच्यात त्याने केलेलं रूबार्ब क्रम्बल, इथला एक गोड पदार्थ, वर फडकं. मी सुमनकाकूंजवळ बसले होते. अण्णा दारात गेले.

"हरलेल्या उमेदवारासाठी," रे म्हणाला. थट्टेत म्हणाला, प्रत्येक हरलेल्या निवडणुकीनंतर तो असंच काहीतरी म्हणत आला होता. पण या वेळी तो जिंकलेल्या बाजूला होता, हे त्याला वाक्य बोलून झाल्यावर लक्षात आलं असावं. त्याचा चेहरा आणखी लाल झाला. "रूबार्ब तुझ्या हद्दीतलाच आहे," तो घाईने म्हणाला.

अण्णांनी डिश घेतली. 'थँक यू' म्हणाले आणि दार लावलं.

पुढचं सुमनकाकूंकडून कळलं. अण्णांनी क्रम्बलला चमचाही लावू दिला नाही. सगळं अन्न-कचऱ्याच्या डब्यात गेलं. डिश स्वतः घासली, पुसली, आणि सकाळी दोन गल्ल्या चालत जाऊन रेच्या पायरीवर ठेवून आले. रिकामी.

रे काही मराठी माणूस नव्हे. पण अण्णांबरोबर एवढी वर्षं काढल्यावर त्याला ही रीत नीट माहीत झाली होती. त्याच्याकडूनही आमचं भांडं कधी रिकामं आलं नाही. काही नसलं तर तो बिस्किटाचा पुडा तरी टाकायचा. मास्तरांच्या डब्याची गोष्टही त्याने ऐकलेली होती. त्या आठवड्यात मला तो बसस्टॉपवर भेटला.

"डिश रिकामी आली," तो म्हणाला.

मी बस येतेय का ते बघायला लागले.

"घाईत असेल कदाचित."

"अण्णा घाईत नसतात."

"नाही," तो म्हणाला. "नसतो." बस आली तरी तो चढला नाही.

अण्णांनी असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. हे सगळं त्यांनी मुद्दाम ठरवून केलं असं मला वाटत नाही. रागात माणूस घरात पाहिलेलंच करतो. पण रेघेविषयी मला जे स्वयंपाकघरात सांगितलं, ते त्यांनी आयुष्यभर हजार दारांत जाऊन सांगितलं होतं, आणि शेवटी त्यांच्याच हाताने ती ओढली गेली, तीही दोन गल्ल्यांमध्ये.

सुमनकाकू त्यांना सोडायच्या नाहीत. माझ्यासमोर एकदा म्हणाल्या, "अख्खा युरोप जोडायला निघाले होते, आणि आता कोपऱ्यावरचं वळण ओलांडवत नाही."

"तू गप्प बैस."

"मी बसते गप्प. तुमच्या घरात बायकांना गप्प बसायची सवयच आहे."

अण्णा उठून बाहेर गेले. काकूंचे डोळे भरले होते. मला म्हणाल्या, "सासूबाई शेवटी माझ्याजवळ होत्या गं. मला कानडी येत नाही याचं त्यांना फार वाईट वाटायचं."

पुढच्या कौन्सिल निवडणुकीत अण्णा उभे राहिले. दुसरा एजंट होता, कॉम्प्युटरवाला, हुशार मुलगा. अण्णा पडले. मतमोजणीच्या हॉलमध्ये मी गेले होते. निकाल ऐकून ते सवयीने मागे वळून बघायला लागले, आणि मागे कुणी नाही असं बघून पुन्हा समोर बघायला लागले. त्यानंतर त्यांनी राजकारण सोडलं. रेने वाफ्यातला आपला वाटा कौन्सिलला परत केला. तो कुणा नवीन जोडप्याने घेतला, त्यांनी रूबार्ब उपटून तिथे झोका लावला.

मग साथीची वर्षं आली, सगळ्यांचीच दारं बंद झाली. ती उघडली तेव्हा अण्णा एकदम म्हातारे झाले होते. हृदय नीट चालत नव्हतं. पायांवर सूज. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी मला आकड्यांत सांगितलं, बहुधा मला तसंच कळतं म्हणून.

एका सकाळी ते आमच्या फाटकाशी आले. दार वाजवलं नाही, मी खिडकीतून बघून बाहेर गेले.

"गाडी काढतेस? रेकडे जायचंय."

"चालतच जाऊ की, अण्णा. दोन गल्ल्या."

"तो तिथं नाही. त्याच्या मुलीने शहराच्या त्या टोकाला म्हाताऱ्यांच्या एका होममध्ये ठेवलाय. सुमनने शोधून काढलं."

गाडीत ते पुढच्या सीटवर बसून स्वतःशी पुटपुटत होते. नीट ऐकलं तेव्हा कळलं, इंग्रजीतलं एकच वाक्य घोळवत होते, रे, मी माझ्या बापासारखा वागलो. कधी 'वागलो'च्या आधी थांबायचे, कधी नंतर. भाषणाचीही एवढी तयारी करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"तो काय म्हणेल?" मला विचारलं.

"मला नाही सांगता येणार, अण्णा."

"शिव्या दिल्या तर बरं होईल बघ. शिवी दिली की माणूस बोलता होतो."

होममध्ये भरपूर उन्हाची खोली होती. रे खिडकीशी, आरामखुर्चीत. अंगाने निम्मा झालेला, पण केस नीट विंचरलेले. मी दाराशीच थांबले. अण्णा आत गेले आणि त्याच्या खुर्चीपासून दोन पावलं मागे उभे राहिले.

रेने वर पाहिलं, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

"डॅट! किती उशीर!"

अण्णांचा श्वास सुटलेला मला दारातून ऐकू आला. ते पुढे झाले, त्याचा हात धरला. "रे," ते म्हणाले, "मला तुला काही सांगायचंय. ती डिश. ती मी रिकामी आणून ठेवली. मी माझ्या बापासारखा वागलो."

रे लक्ष देऊन ऐकत होता. भुवया जवळ आणून, अगदी सभ्यपणे, रस्त्यात कुणी अनोळखी माणूस पत्ता विचारत असावा तसा.

"कसली डिश?" त्याने विचारलं.

अण्णांनी पुन्हा सांगितलं. सार्वमत, क्रम्बल, पायरी. रे मान हलवत राहिला. त्यातलं काहीएक त्याच्यापाशी उरलं नव्हतं. भांडण नव्हतं, ती वर्षं नव्हती. युरोपमधून आपण बाहेर पडलो हेही नव्हतं. अण्णांची माफी घ्यायला तिथे कुणी शिल्लक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी काय करणार होते? एवढा वेळ उभे राहून ते दमले होते. हळूच पलंगाच्या कडेला बसले.

रेने त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. "दमलास. सगळी गल्ली एकट्याने केलीस का?"

"हो," अण्णा म्हणाले.

"मी येणार होतो. या बायका बूट देत नाहीत." मग तो पुढे वाकला, आवाज खाली आणला. "काय झालं? जिंकलो का आपण?"

अण्णा दारातल्या माणसाशी कधी खोटं बोलले नाहीत. पक्षाने छापलेल्या पत्रकातला एखादा दावा पटला नाही तर ते ती ओळ पेनाने खोडून पत्रक द्यायचे. रे त्यावरून त्यांच्याशी भांडायचा. आता ते बराच वेळ रेच्या तोंडाकडे बघत राहिले.

"अजून मोजतायत, रे," ते म्हणाले.

"म्हणजे थोडक्याचा फरक आहे."

"फार थोडक्याचा."

"मग बस इथेच. निकालाला आपण दोघंही हवे."

अण्णांनी मला हाताने खूण केली, तू जा. मी बसने येईन, असंही म्हणाले. ते आजारी आहेत, बस दोनदा बदलावी लागते, हे सगळं मला माहीत होतं, तरी मी निघाले. त्याच आठवड्यात ते गेले, त्यामुळे ही त्यांची माझी शेवटची भेट.

गाडी वळवताना खिडकी दिसली. अण्णांनी खुर्ची ओढून रेच्या शेजारी घेतली होती.  दोघे कार पार्कच्या दिशेने तोंड करून, निकाल घेऊन कुणी येतंय का, ते बघत बसले होते.